ओकुहामाच्या रुळांमधलं गवत

नागासे-सान जेवणघराच्या दारातच गुडघ्यांवर बसले, दोन्ही तळवे फरशीवर टेकवले आणि कपाळ इतकं खाली नेलं की त्यांच्या टाळूवरचे विरळ झालेले केस मला दिसले. शेजारी कागदात नीट गुंडाळलेला मिठाईचा खोका होता. आमच्या तुकडीतली मुलं नुकतीच जेवायला बसली होती. सगळ्यांचे हात ताटातच थांबले.

"काय म्हणतायत हे, मॅडम?" प्रभुणे साहेबांनी मला विचारलं.

मी मराठीत सांगू लागले. "रविवारी डोंगरातून येणारी गाडी मी चालवत होतो. दार नीट बंद झालंय की नाही, हे न बघता मी गाडी हलवली. मग दार उघडं असल्याचं लक्षात आलं आणि मला जोरात ब्रेक लावावा लागला. त्यामुळे तुमच्या सहकाऱ्याच्या कपाळाला जखम झाली. चूक सर्वस्वी माझी आहे. मला क्षमा करा."

आमच्या धंद्यात 'ते म्हणतात' असं म्हणत नाहीत. बोलणारा 'मी' म्हणाला की दुभाष्यानंही 'मी'च म्हणायचं. त्यामुळे पन्नाशीच्या एका माणसाची माफी मी, सत्तावीस वर्षांची मुलगी, उभ्या उभ्या मागत होते, आणि तो माणूस माझ्या पायाशी वाकलेला होता.

कपाळाला पट्टी लावलेला मुलगा म्हणजे हर्षल खैरनार. तो घाईघाईनं उठला, "इट्स ओके, इट्स ओके" म्हणाला आणि लगेच खाली बसला. नागासे-सान यांनी मान वर केली. त्याच डब्यात कुवाबारा नावाच्या एक आजी पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांच्याकडे आधी जाऊन मग आपण इथे आलो, उशीर झाला, त्याबद्दलही क्षमा असावी, असं ते म्हणाले. मी तेही सांगितलं. ते गेल्यावर कुणीतरी खोका उचलून फ्रिजवर ठेवला.

ही सत्त्याण्णव सालातली गोष्ट. पुण्यात जपानी शिकून मी एका यंत्रांच्या कंपनीत दुभाषी म्हणून लागले होते. तिथल्या शिकाऊ इंजिनीयरांची एक तुकडी जपानला निघाली, तिच्याबरोबर मलाही पाठवलं. ओकुहामा हे समुद्रकाठचं लहानसं गाव. रेल्वे तिथे संपते. फलाटाच्या टोकाला रूळ अडवणारा लोखंडी ठोकळा, त्यामागे भिंत, भिंतीमागे मासळी वाळत घालायच्या मांडण्या आणि मग पाणी. त्या स्टेशनातून दोनच गाड्या सुटायच्या. एक किनाऱ्यानं कारखान्याकडे आणि पुढे शहराकडे जायची, दुसरी डोंगरातल्या खेड्यांकडे. दोन्ही एका डब्याच्या, डिझेलवर चालणाऱ्या. गार्ड नसे. ड्रायव्हरच दारं उघडायचा, लावायचा, तिकिटं घ्यायचा. गावात आम्ही एवढेच परके. दुकानदारीण आम्हाला कोथिंबीर राखून ठेवायची आणि शाळेतली मुलं खैरनारला बघून "नमस्ते" ओरडायची. खैरनारनंच त्यांना ते शिकवलं होतं.

त्या दिवशी भांडी घासताना इर्शाद मुजावर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मिरजेचा, अबोल मुलगा. त्यानं जेवणाला हातही लावला नव्हता.

"मॅडम, दार उघडं राहिलं नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"समोरनं येणाऱ्या गाडीला वाट द्यायला आमची गाडी मधल्या स्टेशनात थांबलेली. मी गरम कॉफीचे डबे आणायला खाली उतरलो. नाणी टाकून मशीनमधनं डबे काढतोय तोवर समोरची गाडी येऊन गेली की. मी पळत सुटलो तर दार लागलं. गाडी हलली. हर्षल आतनं बघत होता. दारावर ती लाल मूठ असते बघा, संकटात फिरवायची. ती त्यानं फिरवली आणि दार ओढलं, मी चढावं म्हणून."

"मग ब्रेक लागला."

"लागला. तो दांडीवर आपटला, आजी पडल्या. गडबडीत त्यानं मूठ परत होती तशी केली. कुणाच्या लक्षात आलं नाही." नळ वाहत होता, तो त्यानं बंद केला. "त्यानं माझ्यासाठी केलं, मॅडम. मी कसं सांगू?"

मी तशीच ओल्या हातांनी प्रभुणे साहेबांच्या खोलीवर गेले. ते तुकडीचे प्रमुख होते. वाईट माणूस नव्हता. पोरांना ताप आला तर स्वतः भात शिजवून द्यायचे. खैरनार तिथेच बसला होता, त्यावरून साहेबांना सगळं ठाऊक असल्याचं मला कळलं.

"ताई, मी काय मुद्दाम केलं का?" खैरनार म्हणाला. "आपल्याकडे साखळी ओढतो तसं वाटलं मला. पुढची गाडी दोन तासांनी. अंधार पडत होता, थंडी होती. इर्शादला तिथं टाकून कसं यायचं?"

"मग हे त्यांना सांग. मी भाषांतर करते."

"आणि मग?" प्रभुणे साहेब म्हणाले. "पोलीस येतील. कारखान्याला कळेल. हा तर घरी जाईलच, वर कारखाना म्हणेल, सगळेच परत जा. अहो, पोरांचं सगळं आयुष्य या सर्टिफिकेटवर उभं राहणार आहे. त्या ड्रायव्हरला काय होणार? चार दिवस बोलणी खाईल आणि परत गाडीवर बसेल."

"साहेब, ते आत्ता आपल्यासमोर जमिनीवर डोकं टेकवून गेले."

"मॅडम, तुम्ही दुभाषी आहात. जे बोललं जातं ते सांगायचं. जे कुणी बोललंच नाही, त्याचं भाषांतर कसलं करताय?"

खैरनार जमिनीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारखे स्टेशनावर गेलो. फलाटाच्या पलीकडे वापरात नसलेला एक जुना रूळ होता, गवतानं भरलेला. त्या गवतात नागासे-सान उकिडवे बसले होते. गणवेश तोच, पण डोक्यावर टोपी नव्हती आणि हातांत पांढरे सुती मोजे. ते गवत उपटत होते. रेल्वेनं त्यांना गाडीवरून काढून शिक्षा म्हणून हे काम दिलं होतं. फलाटावर कारखान्याचे कामगार, शाळेची मुलं, बाजाराला निघालेल्या बायका. सगळे त्यांना नावानिशी ओळखणारे. आणि सगळे दुसरीकडे बघत होते.

आम्ही आलो तसे ते उठून उभे राहिले आणि आमच्या दिशेनं वाकले. मग परत खाली बसले.

रोज सकाळी तेच. आम्ही आलो की ते उठायचे, वाकायचे, बसायचे. आमच्यातल्या मुलांनी आधी उलट नमस्कार केला, मग नुसत्या माना हलवल्या, आणि मग खांबाआड उभं राहायला सुरुवात केली. खैरनार सायकलनं कारखान्यात जाऊ लागला. पाऊस असला तरी सायकलच. मी मात्र खांबाआड जाऊ शकत नव्हते. स्टेशनमास्तर ओगाता रोज मला काहीतरी विचारायचे, तुमच्या मुलाचं कपाळ कसं आहे, हवा मानवते का, आणि मी त्यांच्याशी गोड बोलत असताना माझ्या खांद्यावरून पलीकडचं ते गवत उपटल्याचा आवाज येत राहायचा. लाज वाटणं म्हणजे काय, ते मला तोवर माहीत आहे असं मी समजत होते. लहानपणी परीक्षेत नापास झाले, तेव्हा वाटली होती. ही वेगळी होती. ही माझी नव्हती, तरी दुसऱ्या कुणाला देता येत नव्हती.

शनिवारी संध्याकाळी खैरनार माझ्या खोलीच्या दारात आला.

"ताई, मी सांगितलं तर तुम्ही खरंच सांगाल ना त्यांना? जसंच्या तसं?"

"सांगीन."

"नाही, मधेच साहेब काही बोलले तर?"

"तू बोललास तर मी सांगीन," मी म्हणाले. तो मान हलवून गेला.

सोमवारी तो आमच्याबरोबर चालत स्टेशनावर आला. नागासे-सान उठले, वाकले. खैरनार सरळ फलाटाच्या कडेपर्यंत गेला आणि कुणाला काही कळायच्या आत त्या जुन्या रुळावर उतरला.

ओगातांची शिट्टी वाजली. नागासे-सान तर केवढ्यानं ओरडले! "वर जा! रुळांवर उतरायचं नाही! वर जा!" त्यांचा चढा आवाज त्या गावात तोवर कुणी ऐकला नसावा. फलाटावरचं सगळं बोलणं थांबलं. खैरनार त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी गवत उपटू लागला. मुळं निघत नव्हती, नुसती पाती तुटत होती. मग तो थांबला आणि येत होतं तेवढं जपानी बोलला.

"दोआ. वाताशि." दार. मी. त्यानं हातानं मूठ फिरवून दाखवली. "दोआ, वाताशि."

नागासे-सान यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिपुनिसु-सान," ते म्हणाले. टिपणीस हे माझं आडनाव त्यांच्या तोंडी असं व्हायचं, आणि मागे आदराचं 'सान'. "यांना वर घ्या. हे काय म्हणतायत, मला समजत नाही. समजून घ्यायची गरजही नाही." आणि मान अगदी थोडी हलवली. नको, अशी. ती फक्त मला दिसली.

ते सगळं जाणून आहेत, हे मला त्या क्षणी समजलं. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं आणि परक्या पोराला वाचवायला ते गप्प राहिले होते, असं मी धरून चालले. केवढा मोठा माणूस, असंही मनात आलं.

"काय म्हणतोय तो?" ओगाता मला विचारत होते.

"मॅडम, गप्प बसा. चला, त्याला वर घ्या आधी," प्रभुणे साहेब माझ्या कानाशी म्हणाले.

"ताई, सांगा ना!" खैरनार खालून म्हणाला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "दार मी उघडलं म्हणून सांगा. त्यांनी दार नीट लावलं होतं. लाल मूठ मी फिरवली. आजी माझ्यामुळे पडल्या. आणि माझ्या तोंडून निघालं नाही म्हणून हे इथं बसलेत. हे सगळं सांगा."

मी फलाटाच्या कडेला उभी राहिले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "दार मी उघडलं. नागासे-सान यांनी ते नीट बंद केलं होतं. संकटाची मूठ मी फिरवली. कुवाबारा-सान माझ्यामुळे पडल्या. मी बोललो नाही, म्हणून नागासे-सान इथे बसले आहेत."

पुढे उभ्या असलेल्या काही बायका क्षणभर माझ्याकडेच बघत राहिल्या. दार या बाईनंच उघडलं, असं त्यांना वाटलं असावं. मला ते चाललं असतं.

मी नागासे-सान यांच्याकडे पाहिलं. त्यांना सुटल्यासारखं वाटेल, निदान ते डोळे मिटतील, असं काहीतरी मी धरून होते. पण भर रस्त्यात कुणी अंगावरचा शर्ट काढून घ्यावा, तसे ते उभे होते. त्यांनी हातमोजे काढले, एकावर एक ठेवले आणि कुणाकडेही न बघता स्टेशनाच्या मागच्या दारानं निघून गेले. गवताचा ढीग तिथेच राहिला.

पुढचं सगळं भराभर झालं. चौकशी झाली, मी तिथेही भाषांतर केलं. खैरनारला परत पाठवायचं ठरलं. बाकीच्यांना कारखान्यानं ठेवून घेतलं. जाण्याआधी मी त्याला दवाखान्यात कुवाबारा आजींकडे नेलं. त्यांची डोंगरातली बोली मला निम्मीच कळत होती. खैरनारला तर काहीच कळत नव्हतं, पण आजींनी त्याचा हात धरून ठेवला आणि बराच वेळ बोलत राहिल्या, आणि तो "हाय, हाय", म्हणजे हो, हो, म्हणत मान हलवत राहिला. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "ताई, काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "नीट जेव, म्हणाल्या." तेवढं नक्की कळलं होतं.

कंपनीत त्याचं पुढे जमलं नाही. आता सटाण्याला द्राक्षबागांच्या औषध-फवारणीची यंत्रं दुरुस्त करतो, स्वतःचं वर्कशॉप आहे. दिवाळीला फोन येतो. "त्या दिवशी मी सुटलो, ताई," असं तो अजून म्हणतो. खरंच सुटला तो. त्याच्या मुलांनाही तो ही गोष्ट सांगतो म्हणे.

नागासे-सान यांना रेल्वेनं सन्मानानं परत बोलावलं. ओगाता स्वतः त्यांच्या घरी गेले होते. पण ते काही आले नाहीत. राजीनामा दिला, एवढंच कळलं. "इतका चांगला ड्रायव्हर," ओगाता मला म्हणाले, "आणि आता तर सगळं स्वच्छ झालंय. मग का?" मलाही ते कळत नव्हतं.

आमचा मुक्काम संपायच्या आधीच्या रविवारी मी कुवाबारा आजींचा निरोप घ्यायला निघाले. त्या अजून दवाखान्यातच होत्या, पण आता काठी घेऊन चालायला लागल्या होत्या. किनाऱ्याच्या गाडीत बसले तर समोरच्या बाकावर नागासे-सान. अंगात साधा स्वेटर, मांडीवर पर्सिमनच्या नारिंगी फळांची पिशवी. माझ्याही मांडीवर तशीच पिशवी होती. त्या दिवसांत गावात दुसरं फळच नव्हतं. तरुण ड्रायव्हरनं गाडी सोडण्याआधी त्यांच्याकडे बघून टोपीला हात लावला. ते खिडकीबाहेर बघू लागले.

डब्यात आणखी कुणी नव्हतं. दोन स्टेशनं आम्ही हवेबद्दल बोललो. मग माझ्यानं राहवलं नाही. तिथे असं थेट कुणी कुणाला विचारत नाही, हे मला माहीत होतं, तरी मी विचारलं.

"तुम्ही परत गाडीवर का नाही गेलात?"

त्यांनी पुढे, ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशाकडे पाहिलं.

"तो मला आरशात दिसला होता," ते म्हणाले.

"मूठ फिरवताना?"

"ते नंतर. त्याच्याआधी बाहेरचा. धावत येणारा. दोन्ही हातांत कॉफीचे डबे होते. एक डबा पडला, तो उचलायला वाकला, परत धावला. सगळं मला दिसत होतं. समोरची गाडी उशिरा आल्यामुळे आम्ही मागे पडलो होतो. पण तशी वेळ आधीही आली होती आणि मी थांबलो होतो. त्या लाईनवर धावत येणाऱ्या माणसाला टाकून मी कधी निघालो नव्हतो." त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. "त्या दिवशी माझ्या मनात आलं, परका आहे, येईल पुढच्या गाडीनं. आणि मी दार लावलं."

एका स्टेशनात दार उघडलं, कुणी चढलं नाही, दार लागलं.

"गावातला कुणी असता तर थांबलो असतो. मी थांबलो असतो तर आतल्या मुलानं त्या मुठीला हात लावला नसता. कुवाबारा-सान पडल्या नसत्या. म्हणून चूक माझी, असं मी लिहून दिलं. ते खोटं नव्हतं. गवत काढताना सगळे बघायचे, तुम्ही लोक यायचात, मी वाकायचो. मला ते बरं वाटायचं. काहीतरी फिटतंय, असं वाटायचं. आता येईल तो सांगतो, तुमची काहीच चूक नव्हती. माझी बायकोही सांगते. रोज सांगते."

"पण तुम्ही तेव्हाच बोलायचं होतं," मी म्हणाले. "त्या दिवशी, फलाटावर."

"काय बोलायचं? सगळ्यांदेखत, त्या मुलाला?" ते माझ्याकडे बघत म्हणाले. "की तुझा मित्र आमच्यातला नव्हता म्हणून मी दार लावलं? आणि ते तुम्ही त्याला मराठीत सांगणार?"

गाडीचा वेग कमी होऊ लागला. दवाखान्याचं स्टेशन आलं होतं.

"मला क्षमा करा," मी म्हणाले.

"कशाबद्दल? तुमचं भाषांतर अचूक होतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. कौतुकही नव्हतं. ते उठले, दाराशी जाऊन वळले, माझ्यासाठी वाकले आणि खाली उतरले. आजींसाठी आणलेली ती पिशवी घेऊन फलाटावरून हळूहळू चालत दवाखान्याच्या रस्त्याला लागले.

मलाही तिथेच उतरून त्याच खाटेपाशी जायचं होतं. दार उघडं होतं. तरुण ड्रायव्हर मागे वळून माझ्याकडे बघत होता, माझ्या मांडीवरच्या पिशवीकडेही. "उतरायचं आहे का आपल्याला?" त्यानं विचारलं.

मी "नाही" म्हटलं. त्यानं दार लावलं आणि गाडी निघाली.